जपानला मिशनवर निघालेला भाचा: दिवस कसा जातो आणि जड काय जातं

कोल्हापूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची बहीण लग्न करून अमेरिकेत युटा राज्यात गेली, मेहुणे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. मुलाला नुकतं अठरावं संपलं आणि तो आता दोन वर्षांसाठी चर्चच्या धर्मप्रचाराला, म्हणजे मिशनला, जपानमधल्या नागोया मिशनमध्ये निघाला आहे. ताई विचारतात, "कॉलेज सोडून, बिनपगारी, दोन वर्षं दारोदार फिरायचं, मधे एकदाही घरी यायचं नाही. ही मुलं दिवसभर करतात तरी काय? त्याच्यावर सक्ती झाली आहे का? आणि आम्हाला त्याच्याशी बोलता येईल का?"

ताई, मी मूळचा पुण्याचा. जपानी शिकलो, इंजिनिअर म्हणून आयची प्रांतात, म्हणजे नागोया जिथं आहे तिथं, नोकरीला आलो आणि इथलाच झालो. याच चर्चमध्ये मी मोठेपणी, स्वतःच्या विचाराने आलो. गेली अकरा वर्षं मी आमच्या वॉर्डचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, मिशन लीडर आहे. हे काम नोकरी सांभाळून आणि विनामोबदला करायचं असतं. आमच्या भागात येणाऱ्या मिशनऱ्यांना दर आठवड्याला भेटायचं, त्यांनी कुणाला शिकवायला घेतलं आहे ते पाहायचं, सोबत जायचं आणि त्यांचं काही अडलं तर धावायचं. पन्नास-साठ मुलं तरी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून गेली असतील. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर मला उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आधी सक्तीचं सांगतो, कारण बाकीच्या प्रश्नांमागे तीच भीती आहे असं मला वाटतं. नियमाने सक्ती नाही. मुलगा स्वतः अर्ज भरतो, स्थानिक बिशप आणि त्यांच्या वरचे पदाधिकारी त्याची मुलाखत घेतात, डॉक्टरांची आणि दातांची तपासणी होते. कुठं जायचं हे मात्र त्याला निवडता येत नाही, ते सॉल्ट लेक सिटीहून, चर्चच्या मुख्यालयातून कळतं. पण अपेक्षा असते, आणि ती मुलग्यांकडून जास्त असते. मुलींसाठी हे ऐच्छिक मानतात आणि त्यांची मुदत अठरा महिन्यांची. युटामध्ये वाढलेल्या मुलाला लहानपणापासून "मिशनला कधी जाणार?" असं विचारलं जातं. 2012 च्या ऑक्टोबरात वयाची अट मुलग्यांसाठी 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 केली (2025 मध्ये मुलींसाठीही 18 झाली), तेव्हापासून पुष्कळ मुलं शाळा संपते न संपते तोच निघतात. मी पाहिलेल्या मुलांत बहुतेक मनापासून आलेली होती. काही घरच्यांचं मन राखायला आली होती, आणि त्यांतली काही इथं येऊन मनापासूनची झाली. तुमचा भाचा यांतला कोण हे मला इथून सांगता येणार नाही. ते त्याला त्याच्या आईनेच, निघण्याआधी, एकट्याला बसवून विचारावं.

खर्चाचंही सांगून टाकतो. पगार नसतो, उलट अमेरिकेतल्या कुटुंबाला 2020 च्या जुलैपासून महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात. देश स्वस्त असो की महाग, आकडा तोच. ते पैसे एका सामाईक निधीत जातात. घराचं भाडं मिशन भरतं आणि खाण्यापिण्यासाठी, प्रवासासाठी मुलाला ठरावीक रक्कम मिळते. ती जपून वापरली तर पुरते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मात्र बरीच मुलं भातावर अंडं फोडून दिवस काढतात, हे मी पाहिलेलं आहे.

आता दिवस. सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता. मग धर्मग्रंथांचा एकट्याने अभ्यास, मग जोडीदारासोबत अभ्यास, वर भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर पडायचं. रात्री नऊपर्यंत खोलीवर परतायचं आणि साडेदहाला दिवा बंद. 2017 च्या जानेवारीत हे वेळापत्रक थोडं सैल केलं आणि कोणत्या गोष्टीला कधी बसायचं याची मोकळीक वाढवली. तरी सांगाडा हाच. मंगळवार ते रविवार काम. सोमवार हा त्यांच्या भाषेत 'पी-डे', तयारीचा दिवस. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घरी फोन, थोडं बास्केटबॉल किंवा एखादा किल्ला पाहून येणं, आणि संध्याकाळी पुन्हा कामाला सुरुवात.

दहा ते नऊ म्हणजे अकरा तास दारं वाजवतात असं नाही. जपानमध्ये दुपारी दार वाजवून फारसं कुणी भेटत नाही. बाहेरच्या इंटरफोनची बेल वाजते आणि आतून आवाज येतो, "केक्को देस." म्हणजे "नको, ठीक आहे." दिवसाची खरी वेळ संध्याकाळी सहा ते साडेआठ, माणसं कामावरून परतल्यावर. मधल्या वेळात आजारी सभासदाला भेटणं, एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या अंगणातलं गवत काढणं, स्टेशनबाहेर उभं राहून लोकांशी बोलणं, फोनवर संदेश लिहिणं, आणि आठवड्यातून एकदा फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग. या वर्गाला आमच्याकडे सगळ्यांत जास्त लोक येतात. निवृत्त झालेले आजोबा, परीक्षेला बसलेली मुलं, आणि कारखान्यांत काम करणारे ब्राझीलचे लोकही. आमच्या आयचीत ब्राझिलियन वस्ती मोठी आहे. यांतले फार थोडे कधी धर्माबद्दल विचारतात. पण पहिले सहा महिने तुमच्या भाच्याला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत असं ठामपणे वाटेल ते याच वर्गात.

मात्र या वेळापत्रकाने कुणी खचलेला मी पाहिला नाही. साडेसहाला उठणं आठ-दहा दिवसांत अंगवळणी पडतं. जड जातात त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत.

पहिली म्हणजे नकार. जपानी माणूस दार आपटत नाही, ओरडत नाही. वाकून, माफी मागून, गोड आवाजात नाही म्हणतो. नव्या मुलाला वाटतं की जवळजवळ हो म्हणाले. तो पुढच्या आठवड्याची वेळ घेतो, थंडीत सायकल मारत जातो आणि घरात दिवा असून दार उघडत नाही. असं चाळीसदा झालं की मूल स्वतःकडे बोट दाखवायला लागतं. माझी भाषा कच्ची आहे, माझी श्रद्धा कमी आहे, माझंच काहीतरी चुकतं आहे. मी तेव्हा त्यांना या देशातल्या पहिल्या मिशनची गोष्ट सांगतो. 1901 च्या ऑगस्टमध्ये चर्चचे एक नेते हीबर ग्रँट तीन सोबत्यांसह योकोहामाला उतरले. त्यांतला आल्मा टेलर जेमतेम 19 वर्षांचा होता. तो 1910 पर्यंत इथं राहिला आणि त्याने चर्चचा मुख्य ग्रंथ जपानीत आणला, तो 1909 मध्ये छापून निघाला. आणि 1924 मध्ये मिशन बंद झालं तोवर, तेवीस वर्षांत, चर्चमध्ये आलेली माणसं दोनशेपेक्षाही कमी. ते पुन्हा सुरू झालं 1948 मध्ये. आज नोंदीवर सव्वा लाखाहून जास्त सभासद आहेत, पण नोंद आणि रविवारी दिसणारी माणसं यांत मोठा फरक आहे, हे मी रोज पाहतो. मुलाला मी एवढंच म्हणतो की दार उघडलं नाही यात तुझा दोष शोधू नकोस.

दुसरी गोष्ट म्हणजे कधीच एकटं नसणं. मिशनरी नेहमी जोडीने राहतात. जोडीदार दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर चोवीस तास असतो, बाथरूम सोडून. झोपायची खोली एक, स्वयंपाकघर एक. जोडीदार स्वतः निवडायचा नसतो. मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या मिशनचे प्रमुख, ठरवतात आणि दर सहा आठवड्यांनी बदलाचा निरोप येऊ शकतो. दोन वर्षांत असे सतरा बदल येतात. प्रत्येक वेळी मुलगा हलतोच असं नाही, पण बदलाच्या त्या आठवड्यात निरोपाकडे जीव टांगलेला असतो. आयुष्यात कधी भावासोबतही खोली वाटून न घेतलेला मुलगा अचानक टोंगाच्या, ओसाकाच्या किंवा टेक्सासच्या अनोळखी मुलासोबत दिवसाचे चोवीस तास राहतो. एकाला सकाळी बोलायला आवडत नाही, दुसरा आंघोळीला गाणं म्हणतो. एक भांडी लगेच घासतो, दुसरा तीन दिवसांनी. मी मध्यस्थी करायला गेलो त्यांपैकी बहुतेक भांडणं श्रद्धेवरून नव्हती, भांड्यांवरून होती.

आणि तरी हा जोडीदारच मुलाला तारतो. चार वर्षांपूर्वी आयडाहोचा एक मुलगा आमच्याकडे जानेवारीत आला. नागोयाला बर्फ फार पडत नाही, पण इबुकी डोंगराकडून येणारा वारा, इथले लोक त्याला 'इबुकी ओरोशी' म्हणतात, सायकलवरच्या माणसाला कापत जातो. घरांना सगळीकडे उष्णता देणारी यंत्रणा नसते, एक खोली तापवायची आणि त्यात बसायचं. तो मुलगा तीन आठवड्यांत गप्प झाला. जेवायला आला की ताटाकडे बघत बसे. मी आधी समजलो की भाषेमुळे. भाषेमुळे नव्हतं. त्याचा जपानी जोडीदार एके दिवशी माझ्या बायकोला हळूच म्हणाला की हा रात्री झोपत नाही. आम्ही मिशन प्रेसिडेंटच्या पत्नीला त्याच रात्री कळवलं. त्याला समुपदेशक मिळाला, काही आठवडे कामाचा भार कमी केला, आणि शेवटी त्याने घरी परतायचं ठरवलं. आठ महिन्यांत तो गेला. त्याला विमानतळावर सोडताना मला जे वाटलं ते अजून आठवतं: याने पळ काढलेला नाही, याने खरं सांगितलं. पण अमेरिकेतल्या त्याच्या शेजाऱ्यांना तसं वाटेलच याची खात्री नव्हती आणि त्याला तीच धास्ती होती. ताई, तुम्ही मावशी आहात, त्या समाजाच्या बाहेरच्या आहात. भाचा मुदतीआधी परतला तर "अरे वा, आलास!" एवढंच म्हणणारं एक घर त्याला कोल्हापुरात असेल, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा. त्याची मोठी किंमत आहे.

परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं, तेही सांगतो. मिशन प्रेसिडेंट आणि त्यांची पत्नी तीन वर्षांसाठी येतात. काही वडिलांसारखे असतात, काही आकड्यांवर जास्त भर देतात, आणि त्याने मुलांचं अख्खं वातावरण बदलतं. पहिले बारा आठवडे जो अनुभवी जोडीदार शिकवायला मिळतो, त्याच्या सवयी मुलाला दोन वर्षं चिकटतात. शहर मिळालं तर माणसं भेटतात पण घाई असते. गाव मिळालं तर दिवसभर कुणी दिसत नाही, पण जे दोन-चार सभासद असतात ते पोटच्या पोरासारखं जपतात. जूनमध्ये उतरला तर आधी दमट पाऊस आणि मग पस्तीस अंशांचा उन्हाळा. तेव्हा पाणी आणि टोपी यांवरून मी मुलांवर अक्षरशः रागावतो.

भाषेच्या बाबतीत मात्र तुमच्या भाच्याकडे एक ठेवा असू शकतो. पहिला आठवडा घरूनच ऑनलाइन आणि मग प्रोव्हो इथल्या प्रशिक्षण केंद्रात, असं मिळून जपानीसाठी दोनेक महिने मिळतात. तिथून आलेली मुलं जपानीत सुंदर प्रार्थना करतात आणि प्लास्टिकचा कचरा कोणत्या वारी टाकायचा हे विचारू शकत नाहीत. इंग्रजीत विचार करणाऱ्याला क्रियापद शेवटी ठेवणं फार जड जातं. मराठीत ते आपण जन्मापासून करतो. "मी भात खातो" याचा क्रम "वाताशि वा गोहान ओ ताबेमास" असाच आहे. आपला 'चा-ची-चे' म्हणजे त्यांचा 'नो': टोक्योचा म्हणजे 'टोक्यो नो'. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण यांतून जो मान कळतो, तसाच मान तिथं क्रियापदात बसवावा लागतो. बहीण घरी मराठी बोलत असेल आणि मुलाला नुसती समजत असेल, तरी त्याला सांगा की वाक्य आधी आईच्या भाषेत जुळव आणि मग शब्द बदल. मी स्वतः पुण्यात जपानी अशीच शिकलो.

खाण्यापिण्याची काळजी करू नका. दारू, तंबाखू तर नाहीच, चहा-कॉफीही या चर्चमध्ये वर्ज्य आहे. यातला हिरवा चहा जपानमध्ये अवघड जातो, कारण कुणाच्याही घरी गेलं की पहिला तोच पुढे येतो. भाजलेल्या सातूचा 'मुगिचा' चालतो, कारण त्यात चहाची पानं नसतात. तो शब्द पहिल्या आठवड्यात शिकला की कुणाचा अवमान न करता पाहुणचार घेता येतो. माझ्यासारख्या पुणेकराला चहा सोडायला किती महिने लागले ते मलाच माहीत, म्हणून हे मी प्रत्येक नव्या मुलाला आवर्जून सांगतो. आमच्याकडे आलेल्या मुलांना बायको आमटी-भात आणि बटाट्याची सुकी भाजी करते. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास असतो, त्या संध्याकाळी तर पातेलं पुसून जातं.

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द. सायकल हेच मुख्य वाहन आणि हेल्मेट मिशनच्या नियमाने सक्तीचं. जपानच्या कायद्याने 2023 च्या एप्रिलपासून सगळ्यांनाच हेल्मेट घालायला सांगितलं, त्याआधी हेल्मेटवरूनच ही मुलं लांबून ओळखू यायची. भूकंपासाठी प्रत्येक खोलीत पाणी आणि गरजेच्या सामानाची पिशवी तयार ठेवतात. 2011 च्या मार्चमधल्या मोठ्या भूकंपानंतर सेंदाई भागातल्या मिशनऱ्यांना तिथून हलवलं होतं, आणि 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा जगभरातून हजारोंना मायदेशी परत पाठवलं. म्हणजे संकटात मुलांना वाऱ्यावर सोडत नाहीत. रोजचा खरा त्रास असतो तो कागदपत्रांचा. शहर बदललं की चौदा दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. सहा आठवड्यांच्या बदल्यांत ते सतत करावं लागतं आणि तिथं बहुधा मी किंवा माझ्यासारखा कुणी सोबत असतो.

आता बोलण्याबद्दल. पूर्वी घरच्यांना आठवड्याला एक ईमेल आणि वर्षातून दोनदा, नाताळ आणि मदर्स डेला, फोन, एवढंच होतं. 2019 च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला, पी-डेला, घरच्यांशी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. जपानमधला सोमवार सकाळी नऊचा कॉल म्हणजे युटामध्ये उन्हाळ्यात रविवार संध्याकाळचे सहा आणि कोल्हापुरात सोमवार पहाटेचे साडेपाच. पहिला हक्क आईवडिलांचा, पण बहिणीला सांगून महिन्यातून एकदा तुम्हीही त्याच कॉलमध्ये या. बाकी दिवशी ईमेल पाठवा. तो सोमवारी वाचेल. सामान पाठवायचं तर मिशनच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, त्याच्या खोलीचा पत्ता पार्सल पोचेपर्यंत बदललेला असेल.

कॉलवर काय बोलावं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं तेच आहे. "किती जणांना बाप्तिस्मा दिला?" हे विचारू नका. आधीच त्याला तो आकडा टोचत असतो. "परत कधी येतोस?" हेही नको. जोडीदाराचं नाव विचारा आणि लक्षात ठेवा. त्याला काय शिजवता येतं ते विचारा. या आठवड्यात कुठला नवा जपानी शब्द कानावर पडला, शेजारच्या आजी कशा आहेत, सायकलची साखळी दुरुस्त झाली का. अशा प्रश्नांना त्याच्याकडे नेहमी उत्तर असेल, अगदी ज्या आठवड्यात एकही दार उघडलं नाही त्याही. आणि उत्तरं एकेका शब्दाची यायला लागली, झोपेबद्दल विचारल्यावर तो विषय बदलायला लागला, तर सलग दुसऱ्या सोमवारची वाट पाहू नका. बहिणीला सांगा, तिने मिशन प्रेसिडेंटना थेट फोन करावा. आईवडिलांना तो नंबर निघण्यापूर्वीच मिळतो. आयडाहोच्या त्या मुलाच्या आईला तीन सोमवार शंका येत होती, पण आपण लुडबुड करतो आहोत असं वाटून ती गप्प राहिली होती.

नागोया मिशनमध्ये बदल्या कुठं होतील हे कुणालाच आधी कळत नाही. पण तो आमच्या वॉर्डात आला तर पहिल्या रविवारी आमटी-भात ठरलेला आहे. त्याला मुगिचा हा शब्द मात्र तुम्हीच सांगून ठेवा.